नॉकिंग : दाबलेला आवाज, ऐकलेला आवाज

पेट्रोलवर चालणारी जुनी मोटार घाटाच्या चढाला लागावी, चालकाने खालचा गिअर टाकण्याचा आळस करावा आणि नुसताच अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. मग इंजिनातून एक बारीक, कोरडा, धातूचा आवाज येऊ लागतो. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. इंग्रजांनी त्याला ‘पिंकिंग’ म्हटले, अमेरिकनांनी ‘पिंग’ आणि ‘नॉक’. जर्मन भाषेत तो ‘क्लोप्फेन’ झाला, म्हणजे दार ठोठावणे; फ्रेंचांनी तलवारी एकमेकींवर आदळल्याच्या खणखणाटाचा ‘क्लिकती’ हा शब्द त्याला दिला. आपल्याकडचा मिस्त्री ‘गाडी नॉकिंग करते’ एवढेच म्हणतो आणि कामाला लागतो. हे सारे शब्द कानाने घडवलेले आहेत. आवाज कशाचा, याविषयी ते काहीच बोलत नाहीत. ‘डेटोनेशन’ हा शब्द मात्र कारण सांगण्याचा दावा करतो, आणि गंमत अशी की नेमका तोच शास्त्रज्ञांना सर्वाधिक खटकत आला. कारण सिलिंडरात जे घडते ते काटेकोर अर्थाने बहुतेक वेळा डेटोनेशन नसतेच.

एका क्षुल्लक आवाजाची ही हकिकत साहित्याच्या अभ्यासकांनी का वाचावी, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर मला असे दिसते की, एखादी खूण ऐकू आली की तिचे काय करायचे, तिचा अर्थ लावायचा की तिचे तोंड बंद करायचे, हा प्रश्न विसाव्या शतकात ज्या जागी अत्यंत उघडपणे आणि अत्यंत महागात सोडवला गेला, त्यांपैकी ही एक जागा आहे.

आधी थोडे यंत्राविषयी. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण सिलिंडरात दाबले जाते, स्पार्क प्लगची ठिणगी पडते, आणि ज्योत प्लगपासून दूर सरकत जाते. हा स्फोट नव्हे. ही एक वेगवान पण शिस्तीची आग असते. मात्र ज्योत जसजशी पुढे येते तसतसे तिच्या पुढ्यातले न जळलेले मिश्रण अधिकाधिक दाबले आणि तापवले जाते. वणवा डोंगराच्या एका अंगाने सरकत यावा आणि तो पोचण्याआधीच दुसऱ्या अंगाचे गवत आपोआप पेटून उठावे, तसे हे शेवटच्या कोपऱ्यातले मिश्रण एकदम पेटते. त्यातून उठलेल्या दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहतात. साधारण ८६ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात या लाटांची मुख्य कंपनसंख्या सेकंदाला सहा-साडेसहा हजारांच्या आसपास येते. आपण ऐकतो तो आवाज त्यांचाच. सिलिंडर जितका रुंद तितका हा स्वर खालचा. तंतुवाद्य हाताळणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. आवाज थोडा वेळ झाला तर बिघडत नाही. पण या लाटा धातूलगतचा वायूचा संरक्षक पातळ थर विस्कटून टाकतात, पिस्टनचा माथा तापतो, त्याला खळगे पडतात, रिंगांमधली कड तुटते, आणि जोराचे नॉकिंग चालूच राहिले तर काही मिनिटांत इंजिनाचे भंगार होऊ शकते.

केंब्रिजला बर्ट्रम हॉपकिन्सनच्या हाताखाली शिकलेला हॅरी रिकार्डो (१८८५–१९७४) हा या आवाजाकडे गांभीर्याने पाहणाऱ्या पहिल्यांपैकी एक. मिश्रण जितके अधिक दाबावे तितकी पेट्रोलमधून अधिक शक्ती निघते, हे सिद्धान्ताने ठाऊक होते. पण दाब वाढवू गेले की नॉकिंग सुरू होई. म्हणजे इंजिनाच्या प्रगतीचे छत या आवाजाने ठरवले होते. दोष इंजिनात नसून इंधनाच्या स्वभावात आहे, हे रिकार्डोने ओळखले आणि पहिल्या महायुद्धानंतर शेल कंपनीच्या मदतीने इ-३५ नावाचे एक विलक्षण इंजिन बांधले. चालू असतानाच त्याचे कॉम्प्रेशन कमीजास्त करता येत असे. टिझार्ड आणि पाय या दोन सहकाऱ्यांसह त्याने त्यावर एकामागून एक इंधने लावली आणि कोणते कुठवर दाब सोसते याची क्रमवारी लावली. टोल्युइनसारखी द्रव्ये या परीक्षेत उत्तम उतरली. रिकार्डोची रीत मला आवडते ती यासाठी, की त्याने आवाजालाच मोजमापाचे साधन केले. आवाज बंद करण्याची त्याला घाई नव्हती.

अमेरिकेत घाई होती, आणि तिचे कारण बरेचसे व्यक्तिगत होते. चार्ल्स केटरिंगने हँडल मारण्याच्या कटकटीतून मोटारीची सुटका केली. १९१२च्या कॅडिलॅकवर त्याचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला, आणि सोबत बॅटरीवरची प्रज्वलन-व्यवस्थाही. गाड्या नॉकिंग करू लागल्या तेव्हा लोकांनी तिलाच दोष दिला. केटरिंगला हा आळ पुसायचा होता. १९१६ साली त्याच्याकडे टॉमस मिजली हा तरुण अभियंता आला, आणि हे काम त्याच्या वाट्याला गेले.

पुढची कथा प्रसिद्ध आहे. बर्फ पुरते वितळण्यापूर्वीच फुलणारे ट्रेलिंग आर्ब्युटस नावाचे एक रानफूल आहे. त्याच्या पानांची पाठ तांबूस असते. तांबड्या रंगामुळे पान ऊन अधिक शोषत असेल, तर तांबडे रॉकेलही उष्णता अधिक शोषून लवकर वाफ होईल आणि नॉकिंग थांबेल, असा तर्क या दोघांनी लढवला. तांबडा रंग हाताशी नव्हता, म्हणून रॉकेलात आयोडीन घातले. नॉकिंग थांबले! मग खरे तांबडे रंग आणून घातले, तर काहीच फरक पडेना. उलट आयोडीनचे एक रंगहीन संयुग घातले, तर पुन्हा थांबले. म्हणजे रूपक खोटे निघाले आणि त्याने दाखवलेली वाट खरी. ही गोष्ट केटरिंगच्या वर्तुळातूनच आपल्यापर्यंत आलेली आहे आणि चांगल्या गोष्टींप्रमाणे ती जरा जास्तच गोळीबंद आहे. तरीही उपमेने विज्ञानात काय काय घडते याचा विचार करणाऱ्याने ती विसरू नये.

आयोडीन महाग होते, शिवाय गंज आणणारे. १९१९मध्ये अ‍ॅनिलिन सापडले; मग सेलेनियम आणि टेल्युरियमची संयुगे. टेल्युरियमचा लसणासारखा दर्प कपड्यांतून आणि अंगातून जाता जात नसे. अखेर मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीवर बोट ठेवून पुढची पायरी शोधण्यात आली आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक सेंद्रिय संयुग, इंजिनात घातले गेले. हजार भाग पेट्रोलला एक भागही लागला नाही. आवाज नाहीसा झाला.

१९२३च्या फेब्रुवारीत ओहायोतल्या डेटन शहरी हे पेट्रोल विक्रीला आले, आणि १९२४ साली जनरल मोटर्स व न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून स्वतंत्र कंपनी काढली. तिचे नाव ‘एथिल’. भाषेच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. टेट्राएथिल लेड या नावातले विशेषण उचलले गेले आणि नाम गाळले गेले. शिसे विषारी आहे हे रोमन काळापासून माहीत होते. रंगारी, छापखान्यातले खिळेजुळारी, बॅटरी-कामगार यांच्या दुखण्यांची नोंद वैद्यकात होती. ‘एथिल’ हे मात्र एखाद्या मुलीचे नाव असावे तसे गोड, कानाला निर्धोक. जाहिरातींनी शक्ती, वेग आणि नीरव इंजिन यांचे गुणगान केले. शिसे हा शब्द त्यांच्यात सहसा दिसत नाही. उच्चार टाळणे हा सेन्सॉरशिपचा सर्वांत सभ्य प्रकार आहे.

शब्द गाळला तरी वस्तू गळत नाही. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात हे द्रव्य बनवणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले. पाच जण मरण पावले आणि कित्येक रुग्णालयात गेले. ड्यूपाँटच्या डीपवॉटर कारखान्यातले कामगार हवेतून न दिसणारे किडे झटकत असत. त्या इमारतीला त्यांनी ‘फुलपाखरांचे घर’ असे नाव पाडले होते. मला हे नाव ‘एथिल’च्या नेमके विरुद्ध टोकाचे वाटते. एक नाव कंपनीने लपवण्यासाठी घडवले, दुसरे मरणाऱ्यांनी सांगण्यासाठी. ३० ऑक्टोबरला मिजलीने पत्रकारांपुढे ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि त्याची बाटली नाकाशी धरून दाखवली. १९२३च्या आरंभी शिशाच्या विषबाधेमुळे त्यालाच कामातून रजा घेऊन फ्लोरिडाला हवापालटासाठी जावे लागले होते. हे त्या पत्रकारांना ठाऊक असते तर कदाचित वृत्तान्त वेगळे लिहिले गेले असते.

पर्याय नव्हता का? होता, आणि तो मिजलीला माहीत होता. ऑक्टोबर १९२१मध्ये, म्हणजे शिशाचा शोध लागण्याच्या दोनच महिने आधी, त्याने तीस टक्के अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर उच्च कॉम्प्रेशनची मोटार डेटनहून इंडियानापोलिसला अभियंत्यांच्या सभेसाठी नेली होती. अल्कोहोल नॉकिंग उत्तम रोखते. पण ते कोणीही गाळू शकतो, त्याचे पेटंट मिळत नाही, आणि पेट्रोल-कंपन्यांना ते भागीदार म्हणून नको होते, अशी मांडणी काही इतिहासकारांनी केली आहे. शिसे फार थोडे लागते आणि स्वस्त पडते, हेही तितकेच खरे कारण होते. दोन्ही कारणे एका दिशेने ओढत होती, हे अधिक महत्त्वाचे.

मे १९२५मध्ये वॉशिंग्टनला सर्जन जनरलने परिषद बोलावली. हार्वर्डच्या अ‍ॅलिस हॅमिल्टनने आणि येलच्या यँडेल हेंडरसनने स्पष्ट विरोध केला. त्यांचा आक्षेप कारखान्यापुरता नव्हता. रस्त्यारस्त्यावर शिशाची बारीक धूळ पसरेल, आणि तिचा परिणाम इतका सावकाश होईल की तो ध्यानात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असेल, असे हेंडरसनचे म्हणणे होते. नेमलेल्या समितीने १९२६च्या आरंभी बंदीला पुरेसा आधार नाही असा निष्कर्ष दिला, मात्र पुढे अभ्यास चालू ठेवावा असेही सांगितले. तो अभ्यास पुढची चार दशके मुख्यतः उद्योगाच्याच पैशाने, रॉबर्ट केहो या डॉक्टरच्या हाती राहिला. शरीरात थोडे शिसे असणे स्वाभाविक आहे, एका मर्यादेखाली ते अपाय करत नाही, आणि अपाय होतो असे म्हणणाऱ्यानेच तो सिद्ध करावा, हा केहोचा पवित्रा. सिद्ध करण्याची साधने मात्र ज्याच्या हाती होती त्याला तशी घाई नव्हती.

दरम्यान आवाजाला आकडा मिळाला. एथिल कंपनीतल्याच ग्रॅहम एडगरने १९२६-२७च्या सुमारास ऑक्टेनची मोजपट्टी तयार केली. आयसोऑक्टेन हे फार क्वचित नॉक करणारे द्रव्य, त्याला शंभर. हेप्टेन हे चटकन नॉक करणारे, त्याला शून्य. शुद्ध हेप्टेन मिळाले ते कॅलिफोर्नियाच्या जेफ्री पाइन या झाडाच्या राळेतून. पेट्रोलपंपावर ‘९१’ किंवा ‘९५’ असे जे लिहिलेले असते, त्याच्या शून्याशी असा एक पाइन वृक्ष उभा आहे. १९४०मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांना शंभर ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले आणि त्यांची इंजिने अधिक दाब सोसू लागली. त्यातही शिसे होते. इतिहास एका रंगात रंगवणाऱ्यांनी हेही लिहून ठेवले पाहिजे.

शिशाचे बिंग ज्याने फोडले तो मोटारीचा माणूस नव्हता. पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षांहून थोडे अधिक आहे, हे शिशाच्या समस्थानिकांवरून १९५६ साली निश्चित करणारा क्लेअर पॅटरसन. मोजणीच्या वेळी जिकडेतिकडे आढळणारे शिसे त्याच्या कामात अडथळा आणत होते. ते आले कुठून, याचा माग काढता काढता १९६५मध्ये त्याने मांडले की केहो ज्याला ‘स्वाभाविक’ म्हणतो ते नेहमीचे आहे, नैसर्गिक नाही. या दोन विशेषणांतला भेद हा माझ्या मते शास्त्रीय गद्याने केलेल्या मोठ्या कामगिरींपैकी एक आहे. अमेरिकेत १९७५पासून गाड्यांना उत्प्रेरक कन्व्हर्टर बसू लागले. शिशाने ते निकामी होतात, म्हणून शिसेरहित पेट्रोल आले. १९९६च्या आरंभापासून तिथे रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, भारतात १ फेब्रुवारी २०००पासून, आणि जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात २०२१मध्ये.

शिसे गेले आणि दाबून ठेवलेला आवाज परत आला. सत्तरीच्या दशकात अमेरिकन कारखान्यांनी इंजिनांचे कॉम्प्रेशन मुकाट्याने कमी केले. त्याआधी १९६२मध्ये ओल्ड्समोबिलने जेटफायर या टर्बो गाडीत पाणी व मेथॅनॉलचे मिश्रण फवारून नॉकिंग रोखण्याचा प्रयत्न केला होता. मालक टाकी भरायला विसरत, आणि ती युक्ती बारगळली. खरा बदल झाला तो ऐकण्याच्या बाजूने. १९७८च्या टर्बो ब्युइकवर इंजिनाच्या ठोकळ्याला एक कान बसवण्यात आला. १९८२च्या सुमारास स्वीडनच्या साबने, पेर यिलब्रांड या अभियंत्याच्या कामातून, एपीसी ही व्यवस्था आणली: नॉकिंग ऐकू येताच टर्बोचा दाब उतरवायचा. त्यामुळे मालकाने कोणतेही पेट्रोल भरले तरी गाडी स्वतःला त्याच्याशी जुळवून घेई.

हा कान म्हणजे दाब पडला की वीज निर्माण करणारा एक स्फटिक. बोल्टने तो सिलिंडरच्या ठोकळ्याला आवळतात, आणि किती आवळायचा यालाही माप आहे, साधारण वीस न्यूटन-मीटर. सैल राहिला तर बहिरा होतो, जास्त पिळला तर बिघडतो. इंजिनात तर गोंगाट अखंड. व्हॉल्व्ह आपटतात, इंजेक्टर टिकटिकतात, पिस्टन डुलतो. म्हणून संगणक सगळे ऐकत नाही. पिस्टन वरच्या टोकावरून खाली फिरल्यानंतर क्रँकच्या काही अंशांपुरतीच खिडकी उघडतो आणि तेवढ्यात, ठरावीक कंपनसंख्येच्या आसपासचेच ऐकतो. त्या सिलिंडरचा, त्या गतीला नेहमीचा गलका किती, याची सरासरी त्याच्यापाशी असते. ऐकलेले त्याहून ठरावीक पटीने मोठे निघाले तर ते नॉकिंग. मग ठिणगी दोन-चार अंश उशिरा पाडली जाते, आणि नंतर कणाकणाने पूर्ववत आणली जाते. शिक्षा झटपट, क्षमा सावकाश.

कारखान्यातून निघालेल्या गाडीत ही भाषा अभियंत्यांनी महिनोन्‌महिने बसून लिहिलेली असते. गाडी हौसेने बदलली की ती मोडते, आणि सुधारित गाड्यांच्या दुनियेतले बहुतेक वाद येथून उगम पावतात. टर्बोचा दाब वाढवला. घडीव पिस्टन घातले, जे थंड असताना सैल बसतात आणि खडखडतात. इंजिनाखालची रबरे काढून कडक आधार दिले. आता कानाला नॉकिंग नसतानाही नॉकिंग ऐकू येते, संगणक घाबरून ठिणगी मागे ओढतो, आणि हजारो रुपये खर्चून आणलेली ताकद गायब होते. अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे संवेदनशीलतेचा उंबरठा वर चढवणे. ठोके थांबतात, म्हणजे त्यांची नोंद थांबते. सिलिंडर रुंद केला असेल तर आणखी एक चूक संभवते: स्वर खाली गेलेला असतो आणि कान अजून जुन्याच स्वरावर लावलेला.

जाणता ट्यूनर उलट दिशेने जातो. आधी तो ठिणगी मुद्दाम इतकी उशिरा ठेवतो की नॉकिंग शक्यच नाही, आणि त्या अवस्थेत प्रत्येक गतीला, प्रत्येक सिलिंडरचा निव्वळ गोंगाट नोंदवून घेतो. ही त्याची कोरी पाटी. उंबरठा तिच्या वर बसतो, अंदाजाने नव्हे. मग चाकांची ताकद मोजणाऱ्या रोलरवर गाडी चढवून ठिणगी अंशाअंशाने पुढे आणतो. ओढ वाढायची थांबली की थांबायचे. त्याआधीच ठोका ऐकू आला तर दोन-तीन अंश मागे यायचे. यंत्राच्या कानावर पूर्ण भरवसा न ठेवता ठोकळ्याला तांब्याची चपटी केलेली नळी लावून, ती हेडफोनला जोडून स्वतःही ऐकणारे ट्यूनर आहेत. शेवटी प्लग काढून त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण दिसतात का, हे भिंगाखाली पाहायचे. दिसले तर ते पिस्टनचेच आहेत. हुकमी पेट्रोलवर बेतलेला आराखडा उद्या आडगावच्या पंपावर कसा वागेल, उन्हाळ्यात आत येणारी हवा वीस अंशांनी तापली तर काय, याची तजवीजही त्याला करावी लागते. नॉक-नियंत्रण ही पडल्यास झेलणारी जाळी आहे. तिच्यावर रोज उड्या मारायला सांगणारा ट्यूनर गिऱ्हाइकाने सोडलेला बरा.

या दुनियेत अल्कोहोल फार लोकप्रिय आहे. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा शंभराच्या वर जातो, आणि वाफ होताना ते आतल्या हवेला थंड करते. लिटरमागे ऊर्जा मात्र पेट्रोलहून सुमारे एकतृतीयांशाने कमी, म्हणून अधिक जाळावे लागते. आपल्याकडे ते आले वेगळ्या वाटेने. २००३ साली महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के मिसळण्यास सुरुवात झाली, आणि २०२५पर्यंत ते प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. त्यामागे उसाचे राजकारण आहे, आयातीचा खर्च आहे, आणि मायलेज घटल्याच्या मोटारमालकांच्या तक्रारीही आहेत. १९२१च्या त्या इंडियानापोलिसच्या प्रवासाची आठवण या वादात कोणी काढत नाही.

शिशाचे पेट्रोल एका ठिकाणी अजून विकले जाते. लहान पिस्टन-विमानांसाठीचे शंभर ऑक्टेनचे निळसर इंधन बहुतांशी शिसेयुक्तच आहे, आणि ते बदलण्याचे प्रयत्न अनेक वर्षे चालू आहेत. त्या विमानांच्या बहुसंख्य इंजिनांत ठिणगीची वेळ मॅग्नेटोने कायमची बांधून दिलेली असते, आणि नॉकिंग ऐकणारा कान त्यांना बसवलेला नाही. वैमानिकालाही पंख्याच्या घरघरीत तो ठोका ऐकू येत नाही.